नऊ नंबरच्या गाडीची चाकं

४ फेब्रुवारी

मावशी,

आधी मोठा श्वास घे. घेतलास? बोलावलं! तुमच्या गावच्या मोटार संग्रहालयाच्या मॉडेल वर्कशॉपनं मला मुलाखतीला बोलावलं! पाच मार्च, सकाळी अकरा. पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते, त्यामुळे त्याच्या एका कोपऱ्याला साबण लागलाय, पण अक्षरं शाबूत आहेत.

जागा एकच. दोन वर्षं शिकवणार आणि मग कायम. म्हणजे बघ, सकाळी उठायचं, कामावर जायचं, आणि काम काय? शंभर वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाड्या वीतभर करून बनवायच्या! असली नोकरी जगात असते हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ताईला कळव आधी. तिनंच बिघडवलंय तुला." बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे खेळणी?" मी म्हटलं, बाबा, खेळणी नाही, स्केल मॉडेल्स. तर म्हणाले, "बरं. त्यांनी नाही म्हटलं तर सहा तारखेला विमा कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा. ठरलं?" आणि मी हो म्हणून बसलेय. त्यामुळे पाच तारखेला माझा निकाल आहे, मावशी. इकडे नाहीतर तिकडे.

आता अट ऐक. स्वतः बनवलेलं एक मॉडेल न्यायचं. सगळं एकटीनं केलेलं. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही आणि तसं तिथं सही करून द्यायचं. मी अर्थातच नऊ नंबरची नेणार. तूच कपाटातून जिची सुट्या पार्टांची पेटी काढून दिलीस ती, लांब नाकाची, एका माणसाची, मागे निमुळती शेपूट. एकशे बासष्ट पार्ट! परवा शेवटचा आरसा चिकटवला.

पण ती नेऊ कशी? बसनं सात तास. स्पोक केसाएवढे बारीक आहेत आणि मागच्या वेळी शेजारच्या बाईंनी झोपेत माझ्या मांडीवर डोकंच टेकवलं होतं. आधी पार्सलनं तुझ्याकडे पाठवू का? संग्रहालय तुझ्या घरापासून चालत आहे. तू बाहेरगावी कवळ्या पाठवतेस, तुला पॅकिंग कळतं.

तुझी
चिमटी

ता. क. तुझी अट पाळली. तीन पानं, सगळी मराठीत. शाळेनं इतकी वर्षं इंग्रजीतून शिकवलं ते वाया घालवल्याबद्दल मला बक्षीस पाहिजे.


९ फेब्रुवारी

चिमटे, माझे बाई,

पत्र लॅबमध्ये उघडलं आणि अशी ओरडले की शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पेशंट खुर्चीतून उठून थेट जिन्यापर्यंत गेला. बाई म्हणाल्या, "अहो, तो आधीच घाबरलेला होता!" मी म्हटलं, माझ्या भाचीला बोलावलंय, पळू दे त्याला.

तुझ्या बाबांना नावं ठेवू नकोस. तुझ्या आईला बघायला आले होते तेव्हा त्यांनी माझी पहिली गाडी हातात घेऊन विचारलं होतं, "चालते का?" मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून त्यांचा या सगळ्या प्रकारावर विश्वास नाही. चांगले आहेत, पण त्यांना चालणारं काहीतरी लागतं.

आता पॅकिंग. चाकांवर भार अजिबात येऊ द्यायचा नाही. गाडीच्या पोटाखाली स्पंजचा ठोकळा, चाकं अधांतरी. कापूस नको, स्पोकमध्ये अडकतो आणि मग गाडी म्हाताऱ्यासारखी दिसते. खोक्यात खोकं. तीस वर्षांत माझ्या एका कवळीचा दात हललेला नाही.

आणि एक सांग, पेटीतल्या कागदावर दिलंय तसंच केलंयस ना सगळं? मी तुला लहानपणापासून सांगत आलेय, बनवणाऱ्यांनी विचार करून कागद छापलेला असतो, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. माझ्या शेल्फावर एक्केचाळीस गाड्या उभ्या आहेत, एकीनंही कागद सोडलेला नाही. आणि कपाटात न उघडलेल्या एकोणीस पेट्या आहेत, त्या बघून डॉक्टरीणबाई म्हणतात, "इतक्या कधी बनवणार?" त्यांना कोण सांगणार, की त्या बनवायला नाहीत, असायला आहेत.

पाठव लवकर.

मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

पाठवली! स्पंज, खोक्यात खोकं, वर मोठ्या अक्षरात "नाजूक". पोस्टातल्या काकांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, रेसची गाडी. त्यांनी खोकं हलवून बघितलं. हलवून! मी काउंटरवरून अर्धी आत गेले होते.

तुझ्या त्या कागदाच्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम देत नाहीये. गाडीत एक गोष्ट आहे. एकच. ती माझी आहे, कागदाची नाही. बघ ओळखता येते का. खोक्यात चिठ्ठी घालणार होते, मग म्हटलं, नको, इतकी वर्षं तू माझी परीक्षा घेतलीस, आता माझी पाळी.

चिमटी


१९ फेब्रुवारी

चिमटे,

गाडी आली. सुखरूप आहे. लॅबच्या टेबलावर दिव्याखाली ठेवली आणि त्या दिवशी दुपारपर्यंत एकाही माणसाला दात मिळाले नाहीत.

काय रंग दिलायस गं! निळा बसलाय नुसता. ब्रशची एक रेघ दिसत नाही. मी भिंग लावून शोधली, दोन भिंगं लावून शोधली. नऊचा आकडा सरळ, त्याच्याखाली बुडबुडा नाही. डॉक्टरीणबाईंनी बघितली तर म्हणाल्या, "ही खरी गाडी लांबून बघितल्यासारखी दिसते." याच्यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

तुझी ती "एक गोष्ट" मी ओळखली. सीटचं चामडं! कागदावर सपाट दाखवलंय आणि तू त्याला बसून बसून पडतात तशा सुरकुत्या केल्यास. बरोबर की नाही? बक्षीस काढून ठेव.

प्रवासात बारीकसारीक हललं होतं तेवढं मी बघून घेतलं. तू आता गाडीत डोकं घालू नकोस, झोप काढ आणि मुलाखतीला काय बोलायचं ते ठरव. पाच तारखेला ये. मी काचेच्या झाकणाखाली ठेवलीये.

मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी!!

चूक! चूक! चूक! सीट नाही! सीट तर मी सहज केली. बक्षीस रद्द!

चाकं गं, चाकं! पुढची! तुला दिसलं नाही? पुढून बघ ना. वरच्या बाजूला बाहेर झुकलीत आणि खाली आत आलीत. कागदावर ती अगदी सरळ उभी आहेत, आणि कागद खोटा आहे!

झालं काय, लायब्ररीत जुन्या रेसचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात आपल्या गाडीचा समोरून काढलेला फोटो. मला वाटलं, पान वाकलंय. पान सपाट केलं, तरी चाकं वाकडी. मग दुसरा फोटो, तिसरा, असे सहा शोधले. सहाही फोटोंत तशीच! मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "अगं, तेव्हाचे रस्ते मध्ये फुगीर असायचे. सरळ चाक लावलं तर स्टिअरिंग जड जायचं, म्हणून चाक मुद्दाम झुकवायचे. वाकडी नाहीत ती, शहाणी आहेत."

शहाणी चाकं! मला इतकं आवडलं ते.

मग मी ॲक्सलची टोकं तिरकी घासली. पहिली जोडी मोडली. दुसरी पण मोडली. पुठ्ठ्याचं एक माप कापलं, दोन्ही बाजूंना तेच लावून बघायचं, एक बाजू बसली की दुसरी बिघडायची. तीन आठवडे, मावशी! एकशे बासष्टमधले एकशे साठ पार्ट मी बसवलेत असं म्हण, पण ती दोन चाकं मी बनवलीत. मुलाखतीत मी दुसरं काही बोलणारच नाही. गाडी टेबलावर ठेवणार, त्यांच्याकडे नाक करून, आणि गप्प बसणार.

बघ आत्ता पुढून. बघून लगेच लिही!

चिमटी


२८ फेब्रुवारी

चिमटे,

पत्र मिळालं. छान आहे. अक्षर सुधारलंय.

इकडे सगळं ठीक. लॅबच्या खिडकीला नवी जाळी बसवली. प्लास्टरची गोणी या वेळी जरा ओली आली, परत पाठवावी लागली. डॉक्टरीणबाईंचा तो पळालेला पेशंट परत आला, त्याची दाढ काढली.

एक राहिलं. म्हाताऱ्या माणसांसाठी दातांचं शिबिर आहे बाहेरगावी, मला अगदी ऐनवेळी बोलावलं. चार ते दहा मार्च. त्यामुळे पाच तारखेला तू येशील तेव्हा मी घरी नसेन. किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे ठेवते. गाडी टेबलावर आहे.

नीट खाऊन जा. घसा कोरडा पडला की तुझा आवाज बारीक होतो.

मावशी


४ मार्च, टेबलावर ठेवलेली चिठ्ठी

चिमटे,

झाकण उचलायच्या आधी हे वाच.

चाकं मी सरळ केली.

बसलीस का? पुढे वाच. गाडी आली त्याच दिवशी समोरून बघितली आणि म्हटलं, मेल्या पोस्टवाल्यांनी पुढची दोन्ही चाकं फाकवली. तुझ्या त्या हलवणाऱ्या काकांना मनातल्या मनात काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. दोन्ही बाजूंना अगदी सारखी फाकलीत हे बघूनसुद्धा मला शंका आली नाही! जन्मभर वाकडं दिसलं की सरळ करत आलेय. माझा हात थांबत नाही. कवळीच्या मेणकामाची सुरी गरम केली, प्लास्टिकचा ॲक्सल नरम केला, चाकं ताठ उभी केली. वीस मिनिटं लागली. वर स्वतःवर खूश झाले. वाटलं, हे काय, धूळ पुसल्यासारखंच आहे, हात लागला असं थोडंच म्हणतात.

आणि पक्कं राहावं म्हणून सांध्याला कवळीचं अक्रिलिक भरलं. पारदर्शक संपलं होतं, म्हणून हिरड्यांचं गुलाबी भरलं, आणि त्यावरून काळा रंग दिला. ते आता निघायचं नाही. माणूस जाईल पण ते हलणार नाही.

तुझं पत्र वाचल्यावर परत वाकवायला सुरी तापवली होती. मग वाटलं, म्हणजे दुसऱ्यांदा माझाच हात. सुरी ठेवून दिली.

शिबिर खरं आहे, पण ऐनवेळी बोलावलं हे खोटं. मीच फोन करून मागून घेतलं. तुझ्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. तीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणते, आणि माझंच उघडेना.

तू सही कर. कुणाला कळणार नाही. कागदावर जशी आहेत तशीच चाकं आहेत, तो कागद बघूनच ते तपासणार. माझं नाव मध्ये आणू नकोस, तुझं नुकसान करू नकोस.

माफ कर म्हणायला तोंड नाही.

मावशी


५ मार्च, दुपारी तीन, तुझ्याच टेबलावर

मावशी,

आधी हे सांगते: मी रडले. सव्वानऊला आले, चिठ्ठी वाचली आणि दहापर्यंत रडले. शिंपीणकाकू वर आल्या, त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "चाकं." त्यांनी पाणी दिलं आणि शेजारी बसल्या. मग मी गाडी पुढून बघितली आणि मला हसू आलं. इतकी शिस्तीत उभी होती गं ती! प्रार्थनेला उभं केलेल्या पहिलीतल्या मुलांसारखी. मी चाक ओढून बघितलं, ढिम्म. नख लावलं तर काळ्याखालून गुलाबी हिरडी दिसली. मी आणि काकू दोघी खो खो हसत सुटलो.

आता पुढचं ऐक.

आम्ही पाच जण होतो. बाकीच्या चौघांची मॉडेल्स इतकी चकाचक, की मी माझं खोकं उघडलंच नाही. आत दोघं बसलेले. एक वर्कशॉपचे प्रमुख, त्यांना सगळे दादा म्हणतात, पांढऱ्या भुवया, ॲप्रनच्या खिशात सहा पेन्सिली. दुसऱ्या रंगकाम बघणाऱ्या बाई, त्यांच्या कानाच्या पाळीला पण रंग. दादांनी फॉर्म पुढे सरकवला. "हे मॉडेल पूर्णपणे मी एकटीनं बनवलं आहे." खाली रेघ, सहीसाठी.

मावशी, मी पेन टेकवलं होतं. खरं सांगते. विमा कंपनीचा फॉर्म डोळ्यांपुढे आला, आणि पेन टेकवलं. पण मग वाटलं, सही केली तर ती सरळ चाकं माझी होतील. आणि ती माझी नाहीत. माझी वाकडी होती.

मी "पूर्णपणे" खोडलं आणि खाली लिहिलं, "पुढच्या दोन चाकांचा कोन सोडून. तो मावशीचा आहे."

दादांनी वाचलं. बाईंकडे सरकवलं. बाई म्हणाल्या, "मावशीचा कोन?"

मग मी बोलत सुटले. फोटो, पान, गॅरेजवाले काका, पुठ्ठ्याचं माप, तू, सुरी, हिरडी, सगळं. दादा भिंग घेऊन वाकले आणि म्हणाले, "खरंच की. गुलाबी आहे." मग ताठ बसले. "पण चाकं तर सरळच असतात या गाडीला."

मी म्हटलं, "नाही, सर."

"नाही म्हणजे? मी स्वतः बनवलीये ही."

ते उठून गेले आणि काचेच्या पेटीतली एक गाडी घेऊन आले. आपलीच, नऊ नंबरची! संग्रहालयाच्या मोठ्या दालनात दरवाज्याशी ठेवलेली असते म्हणे, बावीस वर्षं. काय काम आहे, मावशी! पण चाकं सरळ. मला वाटलं, संपलं, आता मी वर्कशॉपच्या प्रमुखांची चूक काढणार आणि घरी जाणार. तरी तोंडातून निघालंच, "सर, समोरून काढलेला फोटो आहे का तुमच्याकडे?"

बाई म्हणाल्या, "पेटीच्या मागच्या भिंतीवरच लावलाय. या भिंतीएवढा."

आम्ही तिघं दालनात गेलो. दादा त्या फोटोसमोर उभे राहिले. एक पाय पुढे घेतला, एक मागे. मान तिरकी केली. मान सरळ केली. मग म्हणाले, "मी बावीस वर्षं रोज सकाळी याच्यासमोरून जातो."

बाईंना हसू आवरेना. त्या भिंतीला धरून हसत होत्या. "दादा, आणि माझा एकदा निळा अर्धी छटा गडद झाला म्हणून तुम्ही..." पुढचं त्यांना बोलताच आलं नाही.

मला बाहेर बसवलं. मी पाऊण तास माझ्या बुटांकडे बघत होते. मग बाई आल्या. म्हणाल्या, "हे बघ. बाकीच्या चौघांची मॉडेल्स तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. पण चौघांनी आमच्या काचेच्या पेटीत आहे तसलंच आम्हाला दाखवलं. तू आम्हाला आमचा फोटो दाखवलास." आणि दादांनी आतूनच ओरडून सांगितलं, "सोमवारी ये! पहिलं काम हेच. माझी चाकं वाकडी करायची. मी खोलीत थांबणार नाही, मला बघवणार नाही!"

मिळाली गं! मिळाली!

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "चाकं वाकडी करायची नोकरी?" मी म्हटलं, हो. "आणि कायम?" मी म्हटलं, दोन वर्षांनी कायम. म्हणाले, "मग चालेल." मागून आई रडत होती का हसत होती ते कळलं नाही, तिचं दोन्ही एकाच आवाजात येतं.

सोमवारपासून मी तुझ्याकडेच राहणार आहे, विचारत नाहीये, सांगतेय. तुझ्यावर राग होता, दहा वाजेपर्यंत होता. तू चाकं सरळ केली नसतीस तर मी गाडी ठेवून गप्प बसले असते, त्यांना वाटलं असतं, पोरीनं चाकं चुकवली, आणि मला घरी पाठवलं असतं. पण मला न सांगता शिबिरात पळालीस त्याचा राग अजून थोडा आहे. तो तू परत आलीस की तोंडावर काढणार.

ये लवकर.

चिमटी


९ मार्च, शिबिरातून

चिमटे,

शिंपीणकाकूंनी तुझं पत्र पाकिटात घालून इथल्या पत्त्यावर पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत रांगेतल्या बाकावर बसून वाचलं. आजूबाजूला सगळी बिनदातांची मंडळी. मी हसायला लागले तशी तीही हसायला लागली, कशाला ते त्यांना माहीत नाही. असं हसणं तू कधी ऐकलेलं नाहीस.

राग काढ. हवा तेवढा काढ. मी समोर बसेन, कुठं जाणार नाही.

काल एक आजोबा आले. पुढच्या दातांसाठी. मी मेणात दात मांडले, सुरेख, एका रेषेत, आणि त्यांना आरसा दिला. त्यांनी आरसा जवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला. एरवी मी म्हटलं असतं, छान झालेत, सवय होईल. पण या वेळी म्हटलं, "काय झालं, आजोबा?" त्यांनी खिशातून एक जुना फोटो काढला. तरुणपणीचा, बायकोबरोबर. पुढचा एक दात तिरका, शेजारच्यावर चढलेला.

मी विचारलं, "असाच हवा का?"

म्हणाले, "चालेल का तुम्हाला?"

सुरी गरम केली आणि तो दात वाकडा केला. तीन वेळा करावा लागला, गं. वाकडं बरोबर बसवणं सरळ बसवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला या वयात कळलं. आजोबांनी आरशात बघितलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या आजीला हाक मारली. आजीनं तोंडाकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "बाई, हा माझा माणूस आहे. सकाळी कुणी दुसराच आला होता बरोबर."

मावशी